विश्लेषण : ‘वसई’ नीट उमटते, मग ‘विरार’ का मोडते?

समजा, एखाद्या गृहसंकुलाने पाणी येण्याच्या वेळांचे चित्र रोज आपोआप तयार व्हावे म्हणून छोटा पायथन प्रोग्रॅम लिहून घेतला. चित्रात ‘वसई’ अगदी बरोबर येते. ‘विरार’मधला ऱ्हस्व इकार मात्र ‘व’ला सोडून पुढच्या ‘र’वर जाऊन बसतो. ‘अर्नाळा’तील रफार ‘न’च्या डोक्यावर चढतच नाही, पाय मोडलेला ‘र’ तसाच उभा राहतो. फॉन्ट बदलून पाहिला तरी फरक नाही.

कारण फॉन्टमध्ये नसतेच. पायथनमध्ये चित्रावर अक्षरे उमटवण्यासाठी ‘पिलो’ हे पॅकेज सर्रास वापरतात. देवनागरीत इकार, रफार आणि जोडाक्षरे यांच्या जागा ठरवाव्या लागतात. ते काम पिलो ‘राक्म’ या जोड-घटकाकडे सोपवते आणि हा घटक ऐच्छिक आहे. २०२१ मधील ८.२.० आवृत्तीपासून तो तयार पॅकेजसोबत येतो खरा, पण ‘फ्रिबिडी’ नावाची आणखी एक लायब्ररी संगणकावर असेल तरच चालतो. विंडोजवर ती वेगळी आणून ठेवावी लागते. नसेल तर पिलो अडत नाही, गुपचूप साधी मांडणी वापरते. साध्या मांडणीत अक्षरे टंकलेल्या क्रमाने एकामागोमाग बसतात. ‘वसई’ला तेवढे पुरते.

हे कुठेच लिहिलेले नाही, असे म्हणता येणार नाही. पिलोच्या माहितीपुस्तिकेत इंग्रजीखेरीज इतर मजकुरासाठी राक्म वापरण्याचा सल्ला आहे. पण पॅकेज बसवणारा जिथे पाहतो त्या यादीत राक्मसमोर ‘दुहेरी दिशेचा मजकूर, शेपिंग’ असे तांत्रिक वर्णन भेटते. ते वाचून विरारमधल्या नवख्या प्रोग्रॅमरला काय कळणार? ‘हा भाग नसेल तर मराठी, हिंदी, अरबी मोडेल’ एवढे एक वाक्य तिथेच हवे. शिवाय ऐच्छिक म्हणजे कोणासाठी? इंग्रजीपुरते ते खरे आहे. मराठीसाठी हा घटक सक्तीचाच.

इतरांनी हे सोडवलेले आहे. ‘विम’ हा एडिटर आवृत्ती विचारली की प्रत्येक सुविधेपुढे अधिक किंवा उणे चिन्ह दाखवतो. जेंटू लिनक्समध्ये पॅकेजपुरत्या पर्यायाचे वर्णन पॅकेजच्या माहितीतच असते. व्हिडिओसाठीच्या ‘एफएफएमपेग’मध्ये मजकूर उमटवणारा फिल्टर बांधलेलाच नसेल, तर काम सरळ त्रुटी देऊन थांबते. त्रास होतो, पण चुकीचे नाव छापून बाहेर जात नाही. पाण्याच्या वेळापत्रकात ते खपून जाईल. प्रमाणपत्रावरच्या नावात नाही.

तोवर पिलो वापरणाऱ्यांनी त्यातील ‘फीचर्स’ विभागाला राक्म उपलब्ध आहे का, हे विचारून घ्यावे. त्यासाठी एक ओळ पुरते. आणि चाचणीसाठी ‘वसई’ नव्हे, ‘अर्नाळा’ लिहून पाहावे.