कुंपणालगतचे पाणी

दोन घरांमधले सामासिक अंतर, म्हणजे आपल्या बोलण्यातला बोळ, सहसा कोणी झाडत नाही. तिथे एकाच्या मोरीचा पाइप उघड्यावर सुटतो, दुसऱ्याच्या टाकीचे पाणी ओसंडते आणि बोलाचालीला निमित्त मिळते. पावसाळ्यात तापाच्या रुग्णाला मी घराभोवती पाणी साचते का, असे विचारतो. पुष्कळदा उत्तर येते, "आमचे नाही डॉक्टर, शेजाऱ्यांचे साचते." आजाराच्या दृष्टीने मात्र पाणी कोणाचे यापेक्षा ते कोणते आणि किती दिवस साचले, हे महत्त्वाचे असते.

एसीचे किंवा टाकीतून ओसंडणारे पाणी स्वच्छ दिसते. डेंग्यू व चिकुनगुन्या पसरवणारी एडिस डासाची मादी असेच पाणी पसंत करते. उष्ण हवेत अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात. तिची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. म्हणून भांडे उपडे करून भागत नाही, ते घासावेही लागते.

मोरीच्या व स्वयंपाकघराच्या सांडपाण्यात हत्तीरोग पसरवणारे क्युलेक्स डास वाढतात. खरकटे असेल तर उंदीर येतात. त्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यात जखमी पाय पडला, तर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो.

सर्वांत घातक ते शौचालयाचे पाणी. बोळातूनच नळाची वाहिनी गेलेली असते. पाणीपुरवठा बंद झाला की वाहिनीतला दाब उतरतो आणि फुटक्या जोडातून बाहेरची घाण आत ओढली जाते. कावीळ, विषमज्वर, अतिसार मग दोन्ही घरांत शिरतात.

कायद्याविषयी थोडेसे. 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार वरच्या जमिनीवर पडलेले पावसाचे पाणी उताराने खालच्या जमिनीत नैसर्गिकरीत्या वाहू द्यावे लागते. परंतु मोरीचा पाइप शेजाऱ्याच्या हद्दीत सोडण्याची मुभा त्यातून मिळत नाही. बोलून भागले नाही, तर नगरपालिकेच्या आरोग्य विभागाकडे किंवा ग्रामपंचायतीकडे छायाचित्रांसह लेखी तक्रार द्यावी. तिचा निकाल लागेपर्यंत पुढील गोष्टी मात्र स्वतः कराव्यात.

आठवड्यातून एक दिवस ठरवून दोन्ही घरांनी बोळातले पाणी पूर्ण काढावे. पाइपाचे तोंड जमिनीवर न सोडता झाकणाच्या चेंबरला जोडावे. गटार नसेल, तर अंघोळीच्या व धुण्याच्या पाण्यासाठी विहिरीपासून आणि बोअरवेलपासून दूर शोषखड्डा करावा. शौचालयाचे पाणी त्यात सोडू नये. टाकीच्या ओव्हरफ्लो पाइपाला बारीक जाळी बांधावी. नळाच्या पाण्याला वास किंवा गढूळपणा आला, तर ते खळखळून उकळूनच प्यावे आणि शेजाऱ्यांनाही त्याच दिवशी कळवावे.

बोळात पाणी साचले असताना घरात कोणाला ताप आला, तर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका. डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात तीव्र दुखणे, वारंवार उलट्या किंवा हिरड्यांतून रक्त दिसल्यास ताप उतरला असला तरी तातडीने रुग्णालय गाठा. आणि शेजाऱ्यांशी अबोला असला, तरी त्यांच्या घरी कोणी तापाने आजारी आहे का, याची चौकशी अवश्य करा.