मृगाआधीची शाकारणी
मृग ७-८ जूनला लागतो, पण कोकणातल्या कौलारू घराची आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी, मे महिन्यातच उरकायला हवी. पहिलं काम शाकारणीचं. पाऊस तोंडावर आला की कौलं परतणारा गडी मिळत नाही, तेव्हा त्याला आधीच सांगून ठेवा. बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही लाल कौलं किनाऱ्यावरच्या घराघरांवर चढली. जपली तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. कौल उतरवलं की खाचेतलं शेवाळ काथ्याने घासून काढा आणि बोटाच्या पेराने वाजवून पाहा. खणखणीत वाजलं तर परत चढवा. बद्द आवाज आला तर चीर गेलीय, ते बाजूला ठेवा. रिपा उघड्या आहेत तोवरच वाळवी शोधावी. नखाने दाबल्यावर भुगा पडला, तर ती रीप बदलायचीच. बसवताना पागोळीकडून आढ्याकडे जायचं. कटकट नको म्हणून कौलं काढून पत्रा ठोकणं मला अजिबात पटत नाही. पुढच्या उन्हाळ्यात घराची भट्टी होते. छपराचं झालं की परसातली कामं. उन्हाळी आळी आता बुजवा आणि मातीचे उंचवटे करा, नाहीतर पडवळ-दोडक्याचं बी साचल्या पाण्यात कुजतं. अक्षय्य तृतीयेला हळद लावायची राहिली असेल, तर पहिल्या सरींआधी लावून टाका. नागपंचमीच्या पातोळ्यांना हळदीचीच पानं लागतात, म्हणून दोन-चार कंद जास्त लावा. शेजारीही मागायला येतील.