कॅरमचा डोळा, पूलचा कट

जालन्यात पूलच्या टेबलाशी पहिल्यांदा उभा राहणारा पोरगा बहुधा कॅरमवर तयार झालेला असतो. सरळ चेंडू तो लगेच घालतो. कट आला, म्हणजे चेंडू तिरका घालायची वेळ आली, की मात्र गंमत होते. हळू मारला तर चेंडू जातो, तोच कट जोरात मारला तर पॉकेटच्या जबड्याला लागून बाहेर. मग दोष क्यूला, उजेडाला, नशिबाला.

नेमाचा हिशेब जरा मांडून बघू. पूलचे सगळे चेंडू एकाच मापाचे, 57.15 मिलिमीटर व्यासाचे. क्यूने मारायच्या पांढऱ्या चेंडूचा मध्य रंगीत चेंडूच्या कडेवर धरला, म्हणजे अर्धा चेंडू झाकला, की कट 30 अंशांचा बसतो. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा, त्यामुळे तिथे तोच नेम सोंगटीला जेमतेम 25-26 अंशांवर पाठवतो. कॅरमचा डोळा घेऊन आलेला खेळाडू म्हणूनच चेंडू थोडा जास्त कापतो. मीटरभर पुढे ही चूक सात-आठ सेंटिमीटरची होते.

हळू मारल्यावर जातो कसा? दोन चेंडूंच्या घर्षणामुळे रंगीत चेंडू पांढऱ्याच्या दिशेने किंचित ओढला जातो, कट कमी होतो. फटका जितका मंद, तितकी ही ओढ जास्त. एक चूक दुसरीला झाकते आणि पोरगा समजतो, आपल्याला कट जमला! खडूने माखलेले चेंडू ही ओढ आणखी वाढवतात. टेबलाचे तासाचे पैसे घेणाऱ्यांनी दिवसातून एकदा चेंडू पुसायला काय हरकत आहे?

पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्सचं विजेतेपद मिळवलं, 1964 मध्ये न्यूझीलंडमध्ये पुन्हा. त्यांच्या त्या खेळाचा पायाच अर्ध्या चेंडूचा फटका. पूल शिकणाऱ्यानेही आधी हाच एक कट पक्का करावा.

त्यासाठी रंगीत चेंडूला चिकटवून, पॉकेटच्या बरोबर उलट बाजूला, एक जादा चेंडू ठेवा. पांढरा येऊन थांबायची जागा ती. उभं राहूनच तिच्या मध्याची रेघ ठरवा, जादा चेंडू उचला, मग वाका. वाकल्यावर नेम बदलावासा वाटला तर पुन्हा उभे राहा. खाली वाकून केलेली दुरुस्ती बहुतेक वेळा घात करते. शेवटची नजर रंगीत चेंडूवर, पॉकेटवर नाही. आधी मध्यम जोराने, मग तोच कट हळू आणि जोरात. चेंडू किती सरकतो ते स्वतः बघा.

60 अंशांच्या पलीकडचे पातळ कट मात्र सध्या सोडा. तिथे नेमातली तेवढीच चूक सरळ फटक्याच्या निदान दुप्पट नडते. अशा वेळी पांढरा चेंडू कुशनला चिकटवून प्रतिस्पर्ध्याला अडचणीत टाकलेलं बरं, मित्र कितीही हसले तरी.

— सोंगटीवाला