आधी तोला, मग चाला!

पावसाळा सरला की शाळाशाळांतून गडावरच्या मुक्कामी सहलींचे बेत ठरू लागतात. आणि दर वर्षी वर्गातले दोघे-तिघे हळूच म्हणतात, "माझ्याकडे तंबू नाही, चांगली सॅक नाही, मी नाही येत." दुकानात 'अतिशय हलके' अशी चिठ्ठी लावलेल्या वस्तू पाहाव्यात, तर वजन जितके कमी तितकी किंमत जास्त! ज्याला ती परवडत नाही तो घरी राहतो. मला हे मुळीच पटत नाही. हलकेपणा ही मोजून पाहायची गोष्ट आहे आणि त्यासाठी तराजू, बादली व वही एवढी सामग्री पुरते.

प्रथम डोक्यावरचे छप्पर घेऊ. ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि एक दशांश मिलिमीटर जाड असा प्लॅस्टिकचा साधा कागद घ्या. त्याचे घनफळ ९०० घन सेंटिमीटर होते. पॉलिथिनच्या एक घन सेंटिमीटरचे वजन सुमारे ०.९२ ग्रॅम, म्हणजे सारा कागद भरला सुमारे ८३० ग्रॅम. दोघा-तिघांचे छप्पर एक किलोच्या आत! जाडी निम्मी केली तर वजनही निम्मे होईल. पण करवंदीच्या पहिल्याच काट्याला तो फाटेल. म्हणून कोणतीही वस्तू हाती घेतली की एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या : हलके होताना यातले काय गेले?

छप्पर गळते का, हे घरीच पाहता येते. कापडाचा शिवणीचा भाग बादलीच्या तोंडावर सैल बांधून खळगा करा, त्यात दहा सेंटिमीटर पाणी ओता आणि तासभर थांबा. बादलीत थेंब पडले तर दोष कापडाचा की शिवणीचा, तेही दिसेल. मात्र हिवाळ्यात पाऊस नसतानाही सकाळी तंबू आतून ओला सापडतो. तेव्हा दुकानदाराला दोष देण्यापूर्वी विचार करा. आपल्या उच्छ्वासातील वाफ थंड कापडावर संघनित होते आणि तेच पाणी खाली ठिबकते. यावर उपाय एकच : वारा खेळता ठेवणे. छप्पर चारी बाजूंनी कधीही बंद करू नका आणि आत स्टोव्ह तर मुळीच पेटवू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू जीवघेणा असतो.

आता बसायचे काय? घडीची खुर्ची वजनाला हलकी असते खरी, पण ओल्या मातीत तिचे पाय रुततात. असे का व्हावे बरे? समजा, तुमचे वजन ५० किलो आहे आणि खुर्चीच्या चार पायांची टोके मिळून ८ चौरस सेंटिमीटर आहेत. मग प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सहा किलोहून अधिक भार येतो. तोच भार दोन्ही पावलांच्या सुमारे ३०० चौरस सेंटिमीटरवर पसरला, तर पाव किलोही भरत नाही. पायांखाली डब्यांची झाकणे ठेवा. खुर्ची रुतणार नाही.

त्यापेक्षा बसायला फोमचा तुकडा बरा, पण तो कोणता? दोन प्रकारच्या फोमचे हातभर तुकडे तोला, पाण्याखाली धरून दाबा, झटका आणि पुन्हा तोला. ज्याचे वजन फारसे वाढले नाही, त्याच्या आतल्या हवेच्या पोकळ्या एकमेकींपासून बंद आहेत. तोच सोबत न्या. स्थिर हवा उष्णता फारशी वाहून नेत नाही. पाणी मात्र हवेच्या वीसपटींहून अधिक वाहून नेते. ओल्या स्पंजावर बसणाऱ्याला थंडी वाजते ती यामुळेच.

राहिली पाठीवरची पिशवी. विद्यार्थ्याचे रोजचे दप्तर त्याच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड नसावे, असे केंद्र शासनाच्या २०२० च्या धोरणात म्हटले आहे. सहलीचे ओझे त्याहून वाढते, म्हणून ते कोठे ठेवले याला महत्त्व येते. दोन लिटर पाण्याची बाटली छातीशी धरा, मग हात लांब करून धरा. वजन तेच, पण खांदा लगेच भरून येतो. कारण अंतर वाढले की वळवणारा जोर वाढतो. म्हणून जड वस्तू पाठीला लागून भरा आणि अंथरूण-पांघरूण बाहेरच्या बाजूला. एवढ्याने साधी पिशवीही सुखाची होते.

अमेरिकेतील एमा गेटवूड या आजीबाईंची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, त्यांनी अॅपलेशियन डोंगररांगेतील सुमारे ३,३०० किलोमीटरची वाट एकट्याने चालून पुरी केली. खांद्यावर घरी शिवलेली पिशवी होती आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा! आदल्या वर्षीचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता, हेही लक्षात ठेवा.

आपल्याकडे धनगराची घोंगडी पाहा. पावसात ती डोक्यावर, दुपारी बसायला आणि रात्री पांघरायला. भिजली की ती जड होते, हा तिचा दोष. परंतु एकच वस्तू तीन कामे करते, तेव्हा दोन वस्तू घरी राहतात. खरा हलकेपणा तो हाच.

शिक्षकांना माझी विनंती आहे : सहलीआधीचा एक शनिवार शाळेच्या मैदानावर या तपासणीला द्या. प्रत्येकाने आपले सामान तोलावे, भिजवावे, पाठीवर घेऊन मैदानाला दहा फेऱ्या माराव्यात आणि आकडे फळ्यावर मांडावेत. जी वस्तू नापास होईल ती स्वस्त असो वा महाग, ती घरी राहील. जी उतरेल ती गोणपाटाची असली तरी बरोबर येईल. मग सामान नाही म्हणून कोणी मागे राहण्याचे कारण उरणार नाही. तुमच्या तराजूने काय सांगितले, ते पाहा तर खरे!