रुग्णाचे गुपित आणि समाजाचे हित

रुग्णाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट डॉक्टरांनी कोणत्याही परिस्थितीत उघड करू नये काय? १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी दिले. रक्तदानापूर्वीच्या तपासणीत एका गृहस्थांना एचआयव्हीची बाधा असल्याचे आढळले. बातमी फुटली, ठरलेले लग्न मोडले आणि लोकांनी त्यांना वाळीत टाकले. त्यांनी रुग्णालयाकडून भरपाई मागितली. परंतु नियोजित वधूच्या जिवाला धोका असताना गुप्ततेचा हक्क मागे पडतो, असे सांगून न्यायालयाने ती नाकारली. इतकेच नव्हे, तर अशा व्यक्तीचा विवाहाचा हक्कच स्थगित ठरविला. हे भाष्य अनावश्यक होते, असे २००२ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने स्पष्ट केले.

वधूला सावध करणे गैर, असे कोणीच म्हणणार नाही. तथापि एकीच्या कानावर घालणे आणि गावभर होणे यांत महदंतर आहे.

या वादाची मांडणी ‘व्यक्तीचे हित विरुद्ध समाजाचे हित’ अशी करण्याचा प्रघात आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला ती अपुरी वाटते. आपले बोलणे चार भिंतींबाहेर जाणार नाही, या भरवशावरच रुग्ण खरे बोलतो. हा भरवसा ही साऱ्या समाजाची ठेव आहे. ती मोडली की पुढचा रुग्ण तपासणीलाच येत नाही, आणि न तपासलेला रोग गुपचूप पसरतो. एका वधूला वाचविण्याचा मार्ग चुकला, तर अनेक अज्ञात वधू धोक्यात येतात.

२०१८ मध्ये अमलात आलेल्या एचआयव्हीविषयक कायद्याने हे तारतम्य राखले आहे. जोडीदाराला संसर्गाचा मोठा धोका असेल, समुपदेशनानंतरही रुग्ण स्वतः सांगणार नाही अशी खात्री झाली असेल, आणि आपला इरादा रुग्णाला आधी कळविला असेल, तरच डॉक्टर जोडीदाराला समक्ष सांगू शकतात. सांगितल्याने मारहाण वा परित्याग ओढवण्याची रास्त भीती असेल, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत, तर मौन राखणे बंधनकारकच आहे.

हाच विवेक इतर रोगांनाही लागू व्हावा. क्षयरुग्णाची माहिती सरकारला देणे २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु सरकारी नोंदीत नाव जाणे वेगळे आणि शेजारीपाजारी कळणे वेगळे. गुपित कधी उघड करावे, एवढाच प्रश्न नाही. ते कोणाला, किती आणि कोणत्या रीतीने सांगावे, यावरच रुग्णाचा विश्वास टिकायचा की नाही हे ठरते.