कडवेपणा आणि मूलतत्त्ववाद

एखादा माणूस आपल्या तत्त्वाला घट्ट चिकटून राहिला की त्याला मूलतत्त्ववादी ठरवण्याची घाई होते. तत्त्व धर्माचे असेल तर जरा जास्तच. पण कडवेपणा ही मूलतत्त्ववादाची खूण नव्हे, आणि त्याला देवधर्म लागतोच असेही नाही. सोव्हिएत रशियातली एकच हकीकत दोन्ही गोष्टी दाखवते.

निकोलाय वाविलोव या वनस्पतिशास्त्रज्ञाने जगभर फिरून पिकांचे वाण जमवले आणि लेनिनग्राडच्या संस्थेत बियाण्यांचा प्रचंड साठा उभा केला. १९४१ मध्ये जर्मन सैन्याने शहराला वेढा घातला. बाहेर माणसे उपासमारीने मरत होती आणि आत गहू, तांदूळ, शेंगदाणे पुड्यांत भरलेले होते. तिथल्या शास्त्रज्ञांनी त्यातला दाणा तोंडात टाकला नाही. भाताचा अभ्यासक भाताच्या हजारो पुड्यांशेजारी भुकेने गेला. काही सहकारीही तसेच गेले. याहून कडवी निष्ठा कोणती? तरी त्यांना मूलतत्त्ववादी म्हणायला जीभ रेटत नाही. किंमत त्यांनी स्वतःच्या जिवाने मोजली, दुसऱ्याच्या नव्हे. शिवाय त्यांचे शास्त्र प्रयोगाने खोडून काढायला कोणालाही मोकळीक होती.

साठा उभारणारा वाविलोव मात्र तेव्हा तुरुंगात होता. गव्हाचे बी भिजवून थंडीत ठेवले की पिकाचा स्वभाव बदलतो आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो, असे वाविलोवचा विरोधक, कृषितज्ज्ञ त्रोफिम लिसेंको सांगत होता. थंडीने हिवाळी गहू लवकर ओंबीवर येतो हे खरेच. खोट होती पुढच्या दाव्यात. पुरावा म्हणजे सामूहिक शेतांवरून भरून आलेल्या प्रश्नावल्या. त्यांत अपयश लिहायची छाती कोणाची होणार? १९३५ मध्ये स्टालिनसमोर भाषण करताना लिसेंकोने विरोधी शास्त्रज्ञांना वर्गशत्रूंच्या रांगेत बसवले, आणि स्टालिनने त्याला शाबासकी दिली. मत मूलतत्त्ववादी होते ते या जागी: त्याला खोटे ठरवू शकेल असे काही शिल्लक राहत नाही, आणि शंका विचारणे हाच गुन्हा होतो. वाविलोव १९४३ च्या जानेवारीत सारातोवच्या तुरुंगात खंगून मेला.

१९४८ च्या ऑगस्टमध्ये कृषी अकादमीच्या अधिवेशनात लिसेंकोने जाहीर केले, की आपला अहवाल पक्षाच्या मध्यवर्ती समितीने तपासून मान्य केला आहे. काही जनुकशास्त्रज्ञांनी त्याच सभेत उठून आपली मते मागे घेतली. नवा पुरावा कोणीच मांडला नव्हता.