रॅम रिकामी दिसली पाहिजे?

"लिनक्स रॅम खातं, बीएसडी हलकं, मॅकचं तर विचारूच नका." आमच्या ऑफिसात चहाबरोबर हे वाक्य ठरलेलं. पुरावा काय, तर तीन मशीनवरचे तीन आकडे. माझं म्हणणं असं की हे आकडे शेजारी मांडणंच चूक आहे.

डिस्कवरून एकदा वाचलेली फाईल लिनक्स रॅममध्ये ठेवून देतं, पुन्हा लागली तर हाताशी असावी म्हणून. प्रोग्रामला जागा हवी झाली की ती टाकून देतं. त्यामुळे 'फ्री' कमांडमध्ये फ्रीचा आकडा नेहमी किरकोळच दिसणार. बघायचा तो 'अव्हेलेबल', २०१४ च्या ३.१४ कर्नलपासून ती सोय आहे. फ्रीबीएसडीच्या 'टॉप'मध्ये अ‍ॅक्टिव्ह, इनॅक्टिव्ह, वायर्ड असे वेगळेच कप्पे. त्यात झेडएफएस असेल तर त्याची कॅश 'वायर्ड'मध्ये जाऊन बसते! मॅक २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून न लागणारी पानं दाबून ठेवतो, म्हणून तिथे मेमरी प्रेशरचा आलेख बघायचा. तीन दुकानं, तीन वह्या, हिशोबाची पद्धत प्रत्येकाची निराळी.

भिवंडीजवळ राहनाळला एका गोदामात स्टॉकचा हिशोब ठेवणारा आठ जीबीचा जुना लिनक्स सर्व्हर आहे. "रॅम भरली, मशीन बदला," असं त्यांना कुणीतरी सांगून गेलेलं. मी तिथल्या सुपरवायझर काकांना विचारलं, "काका, गोदाम अर्धं रिकामं असलं तर मालक खूश होतो का?" ते म्हणाले, "रिकाम्या गाळ्याचं भाडं पण तेवढंच लागतं ना साहेब." बास! आमच्या मॅनेजरला दोन मीटिंगा घेऊन जे कळलं नव्हतं ते काकांनीच मला सांगितलं. अव्हेलेबल पाच जीबीच्या वर होतं. मशीन तिथेच आहे.

आणखी एक खोड म्हणजे 'पीएस'मधल्या आरएसएसची बेरीज. एकच लायब्ररी वीस प्रोसेस वापरत असतील तर ती वीसदा मोजली जाते, आणि बेरीज कधीकधी रॅमपेक्षाही मोठी निघते. लिनक्सवर पीएसएस बघा, त्यात सामायिक पानं वाटून मोजतात.

मग रॅम खरंच कमी आहे हे कसं ओळखायचं? लिनक्सवर 'व्हीएमस्टॅट १' लावा आणि एसआय, एसओ हे दोन रकाने बघा. कामाच्या वेळेत तिथे सतत आकडे नाचत असतील, तर नवीन रॅमच्या बिलावर मी स्वतः सही करीन.